कॉटन ग्रीनमध्ये सायकल लावायची कुठे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आपल्याच भागातल्या एका मोठ्या किराणा दुकानात, म्हणजे हल्ली ज्याला मार्ट म्हणतात तिथे, मी सायकलवरून गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. घरचं तेल संपलं होतं, डाळ संपली होती, पिशवी हँडलला अडकवली होती. दारातल्या मोकळ्या जागेत सायकल घोड्यावर चढवली तोच वॉचमन आला.

"साहेब, सायकल इथे नाही लावायची. इथे फक्त टू-व्हीलर."

मी म्हटलं, "मामा, ह्याची चाकं मोजा की."

तो हसला. पण हलला नाही. म्हणाला, "मला सांगितलंय तसं मी सांगतो. मॅनेजर बघतोय वरून."

मग मी सहज विचारलं, तुम्ही ड्युटीवर कसे येता? तर मामा शिवडीहून येतात, सायकलवरच. बेस्टचं कमीत कमी तिकीट २०२५च्या मे महिन्यात पाचाचं दहा झालं, तेव्हापासून. जायचे दहा, यायचे दहा, महिन्याचा हिशोब त्यांनी तोंडावर सांगितला. आणि त्यांची सायकल कुठे असते? "ती काय पलीकडे, लाइटच्या खांबाला. दोनदा सीट गेली चोरीला."

ज्या माणसाला इतरांच्या सायकली हाकलायला उभं केलंय त्याचीच सायकल रस्त्यापलीकडे खांबाला बांधलेली. आणि दुकानाच्या मागच्या दाराशी दोन सायकली उभ्या होत्या, कॅरिअरला मोठी लोखंडी टोपली जोडलेल्या. त्या दुकानाच्या, घरपोच सामान पोचवायच्या. म्हणजे सायकलशी वाकडं नाही कुणाचं. गिऱ्हाईक सायकलवरून आलं तरच अडचण.

त्या संध्याकाळी स्टेशनपासून श्रावण यशवंते चौकापर्यंत मी चालत गेलो आणि सायकली कुठे कुठे बांधल्यात ते बघत गेलो. पालिकेच्या रेलिंगला, पावसाच्या पाइपला, झाडाच्या जाळीला, विजेच्या डब्याला, बंद दुकानाच्या शटरच्या कडीला. पाववाल्याची, इडलीवाल्याची, सिलिंडरवाल्याची, पेपरवाल्याची, रात्रीच्या चहावाल्याची. एकही सायकल मला तिच्यासाठी केलेल्या जागी उभी दिसली नाही. बँकेबाहेर नाही, दवाखान्याबाहेर नाही, हॉटेलबाहेर नाही.

मी घरी येऊन हे बोललो तर मुलगा म्हणाला, "बाबा, मुंबईत माणसाला जागा नाही, सायकलला कुठून मिळणार?" हे उत्तर आपण सगळेच देतो. पण मला ते पटत नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा एक सर सांगायचे की जागा नाही असं कुणी म्हटलं की जागा कुणाला मिळाली ते शोधायचं. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं. मुंबईत जागेची टंचाई आजची नाही, शंभर वर्षांपूर्वीही होतीच. पण त्या टंचाईतही या शहराने कुणाकुणाला थांबायला जागा दिली हे बघण्यासारखं आहे.

आपल्या कॉटन ग्रीनपासूनच सुरू करू. नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की इथे ग्रीन काय आहे? हे नाव इथलं नाहीच. कापसाच्या गासड्या सुरुवातीला फोर्टात, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात पडायच्या. ते मैदान म्हणजे ग्रीन. तिथे गर्दी नि आगीची भीती, म्हणून १८४४च्या सुमारास कापूस कुलाब्याला हलवला आणि नावही कापसाबरोबर कुलाब्याला गेलं. मग पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव-शिवडीचा समुद्र हटवून जमीन केली, १९१५ला बंदराची रेल्वे सुरू झाली, आणि १९२०च्या दशकात कापूस कुलाब्याहून इथे आला. काँक्रीटची गोदामं झाली, कॉटन एक्स्चेंजची ती हिरवी इमारत झाली. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली ती आपल्याच रुळांवरून, हे जाता जाता सांगतो, कारण आपल्याकडे याची पाटीही नाही.

सांगायचा मुद्दा असा, की हा अख्खा भाग थांबण्यासाठी बांधलाय. कापूस थांबावा, वाघिणी थांबाव्यात, गाड्या थांबाव्यात म्हणून. गोदामांच्या मधले रस्ते इतके रुंद का, याचा विचार केलाय कधी? बैलगाड्या आणि हातगाड्या उभ्या राहून माल चढवता-उतरवता यावा, मागून दुसरी गाडी जावी, एवढा हिशोब त्यात धरलेला आहे. गोदामाचा चौथरा गाडीच्या पाठीच्या उंचीचा. गाडीवान हा गरीब माणूस, पण त्याच्या गाडीचं माप शहराने घेतलं होतं, कारण तिच्यावाचून कापूस हलत नव्हता.

मस्जिद बंदरला भातबाजारात केशवजी नाईक यांचा कारंजा आहे, १८७६चा. तसे प्याव मुंबईत पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच प्यावांना माणसाच्या तोंडाशी येईल अशी तोटी वर आणि खाली बैल-घोड्यांसाठी दगडी हौद. व्यापाऱ्यांनी पुण्य म्हणून बांधले हे खरं, पण जागा निवडल्या त्या बाजाराच्या. ओझं वाहणारा जिथे दमतो तिथेच. व्हिक्टोरियांना स्टँड होते. टॅक्सीला स्टँड मिळाले. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली तोवर तिचेही थांबे आणि डेपो होतेच. बैलगाडी गेली, ट्राम गेली, व्हिक्टोरियावर २०१५ला हायकोर्टाने बंदी आणली. पण ज्या काळात जे वाहन शहर चालवत होतं त्या काळात त्याला उभं राहायला हक्काची जागा होती.

आणि सायकल? तिलाही होती. हे आपण विसरलोय.

सायकल मुंबईत आली ती साहेबाची हौस म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मराठी माणसाचा तिच्याशी पहिला मोठा व्यवहार झाला तो आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, भायखळ्यात. व्हीजेटीआय तेव्हा भायखळ्याला होतं (माटुंग्याला ते १९२३ला गेलं). तिथे शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला धाडायचे आणि तिथे त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. किर्लोस्कर बंधू या नावाची पहिली पाटी लागली ती सायकलच्या दुकानावर. नांगर, पंप, इंजिनं नंतर. कंपनी आजही आपली सुरुवात १८८८ची मानते. म्हणजे महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या हँडलला धरून झाली.

त्या काळात सायकल ही श्रीमंतांची चीज. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ती खाली उतरत उतरत कारकून, शिक्षक, पोस्टमन, तारवाला, कंपाउंडर, फिटर यांच्यापर्यंत आली. सामान्य झाली तसा सरकारने तिच्यावर कर लावला. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, वडिलांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला होता. नगरपालिकेचं नाव, वर्ष आणि नंबर. मी लहानपणी त्याला मेडल समजायचो. तो सायकलचा कर भरल्याचा बिल्ला. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका असा कर घेत. बिल्ला नसेल तर दंड, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसला तर दंड, आणि चाकातली हवा सोडून द्यायची ते वेगळंच. वडील सांगायचे की पोलीस दिसला की मागचा माणूस उडी मारून उतरायचा आणि आपण एकमेकांना ओळखतच नाही असं दाखवत चालायला लागायचा.

आज आपण हसतो. पण त्या बिल्ल्याची दुसरी बाजू बघा. नगरपालिकेला गावात किती सायकली आहेत हे माहीत होतं. वहीत नोंद होती. आणि ज्याची वहीत नोंद असते त्याची सोयही कुठेतरी बघावी लागते. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडला सायकल स्टँड होता, बाजाराच्या तोंडाशी होता, टुरिंग टॉकीज जाऊन पक्कं थिएटर झालं त्याच्या आवारात होता, शाळेत तर होताच. पत्र्याची शेड, लाकडाच्या खाचा, आणि खाकी शर्टातला एक म्हातारा. तो सीटला एक नंबराचा पत्रा अडकवायचा आणि तसाच दुसरा आपल्या हातात द्यायचा. चार आणे, पुढे आठ आणे. इंटरव्हलला बाहेर येऊन आपली सायकल आहे ना हे बघणं हा सिनेमाचाच भाग होता. पुणे तर सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. तिथल्या जुन्या बांधकाम नियमावलीत पार्किंगच्या तक्त्याला मोटार, स्कूटर आणि सायकल असे तीन रकाने असत. सायकलला स्वतःचा रकाना!

आता गिरणगाव. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर जुन्या दिवसांचं उगाच गोड चित्र होईल. गिरणगाव हे मुळात चालणाऱ्यांचं गाव होतं. बहुतेक कामगार गिरणीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहायचे, भोंगा झाला की चाळीतून उतरून चालू लागायचे. सायकल असायची ती जरा लांब जाणाऱ्याकडे किंवा पाळी आडवेळेला असलेल्याकडे.

माझे काका असे होते. खोली काळाचौकीला, गिरणी लोअर परळला. तिसऱ्या पाळीला मध्यरात्री जायचं तर बस नाही, पहाटे सुटायचं तर अंगात त्राण नाही. म्हणून सायकल. काळी, जड, मागे रुंद कॅरिअर, डबा पुढच्या हँडलला. गिरणीच्या गेटच्या आत सायकलची शेड होती. लेबर गेटमधून आत आलं की डावीकडे. कुलूप लावायचं नाही, कारण गेटवरचा भय्या प्रत्येकाची सायकल चेहऱ्याने ओळखायचा. "माझ्यापेक्षा माझ्या सायकलला गिरणीत मान होता," असं काका म्हणायचे. तिच्यावर पत्रा होता आणि काका खात्यात घामाने भिजत असायचे.

सायकली बनायच्याही इथेच. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. म्हणजे कॉटन ग्रीनहून सायकलवर निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात सायकलच्या कारखान्याच्या दारात. पुढे कारखाना अडचणीत आला, सरकारने त्याचं व्यवस्थापन हातात घेतलं, आणि १९८०ला संसदेत कायदा होऊन हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्हींचं राष्ट्रीयीकरण झालं. वरळीच्या कारखान्यावर नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनची पाटी आली. पुढे तोही बंद पडला.

हे १९८० साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी जपाननेही सायकलबद्दल कायदा केला. जपानी स्टेशनांबाहेर सायकलींचे ढीग लागत होते, माणसाला चालता येत नव्हतं, दुकानदार तक्रारी करत होते. अगदी आपल्यासारखंच. त्यांनी सायकली कुठे लावायच्या याचा कायदा केला. स्टेशनाजवळ जागा करणं हे स्थानिक पालिकेचं आणि रेल्वेचं काम ठरलं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे सुपरमार्केट, डिपार्टमेंट स्टोअर, बँका, करमणुकीच्या जागा, म्हणजे जिथे सायकलवरून गिऱ्हाईक येतं अशा ठिकाणी मालकाने सायकलची जागा केली पाहिजे, असा नियम करायचा अधिकार पालिकांना मिळाला. टोकियोत जागा मुंबईपेक्षा जास्त होती म्हणून नव्हे. दुकानाच्या धंद्यात सायकलवाला धरला होता म्हणून. आपल्या सरकारने त्या वर्षी सायकलचा कारखाना घेतला. सायकल उभी कुठे करायची हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, सगळं आपल्याला पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. फक्त एवढंच सांगतो की काकांनी संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात सायकल विकली. भांडी आधीच गेली होती. ज्याला विकली तो पाववाला होता आणि पुढे बरीच वर्षं ती सायकल काकांना रस्त्यात दिसायची. "मडगार्डचा पोचा तोच," म्हणायचे. गिरणीच्या शेडचं काय झालं ते मी विचारलं नाही. गिरणीच राहिली नाही.

गिरण्यांच्या जागेवर जे आलं त्याच्या नकाशात शेड नव्हती. मुंबईची १९९१ची विकास नियंत्रण नियमावली आली त्यात पार्किंगचा मोठा तक्ता आहे. घर, ऑफिस, दुकान, हॉटेल, थिएटर, प्रत्येकाने किती जागेमागे किती पार्किंग द्यायचं ते त्यात आहे. पण ते पार्किंग म्हणजे मोटारीचं. २०१८ साली नव्या आराखड्याबरोबर नवी नियमावली आली, तिचाही मुख्य हिशोब मोटारीच्याच मापाने चालतो. शिवाय मोटारींसाठी सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला तर बिल्डरला जादा चटई क्षेत्र, अशीही योजना आली, आणि त्यातले काही उंच वाहनतळ याच गिरणगावात उभे राहिले. म्हणजे मोटारीला नुसती जागा मिळाली नाही, तिला जागा देणाऱ्याला बक्षीसही मिळालं.

यावर लोक म्हणतात, सायकलला लागते किती जागा, कुठेही लागते. तेच तर दुखणं आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत मोटारीला पावणेचौदा चौरस मीटर धरलेत आणि सायकलला एक. येण्याजाण्याची वाट सोडली तरी एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात. त्या मार्टच्या दारात मोटारींसाठी पट्टे मारलेले आहेत. त्यातला एक पट्टा दिला असता तर मामांची सीट दोनदा गेली नसती.

दुकानदारांची बाजू मी ऐकली नाही असं समजू नका. घोडपदेवला एक ओळखीचे दुकानदार आहेत, तीन पिढ्यांचं दुकान. ते म्हणाले, "मी दारात लोखंडी रॅक लावला तर उद्या पालिकेची गाडी येऊन पहिला तोच उचलेल." यात खोटं काही नाही. १८८८च्या पालिका कायद्यात कलम ३१४ आहे. रस्त्यावर, फुटपाथवर विनापरवाना ठेवलेली वस्तू नोटीस न देता उचलता येते. दुकानाचा रॅकही त्यात, आणि खांबाला बांधलेली सायकलही. आमच्या गल्लीतल्या पाववाल्याची सायकल अशाच एका कारवाईत पावाच्या पिशव्यांसकट गाडीत चढली. दोन दिवसांनी मिळाली. दोन दिवस त्याने पाव डोक्यावरून वाटला, आणि लांबच्या दोन इमारती कायमच्या सुटल्या, तिथे दुसऱ्याने पाव लावला. पाववाल्याने चूक कबूलच केली, फुटपाथवर लावली होती. पण फुटपाथवर लावायची नाही तर कुठे, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

त्या दुकानदारांची दुसरी तक्रारही खरी आहे. लोक सायकल बांधून जातात आणि महिना महिना येत नाहीत. गंजलेला सांगाडा दारात राहतो. मान्य. स्टँडवरचा खाकी शर्टातला म्हातारा होता तेव्हा असं होत नव्हतं, कारण संध्याकाळी त्याला हिशोब द्यायचा असायचा. म्हणजे नुसता लोखंडी रॅक ठोकून भागत नाही, बघणारा माणूस लागतो. आणि बघणाऱ्याला दोन पैसे द्यायला सायकलवाला नाही म्हणत नाही. माझा अनुभव तरी असा आहे.

आता कुणी म्हणेल, सरकारने केलंय की सायकलसाठी. केलंय. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ला मोठा गाजावाजा करून सायकल ट्रॅक झाला, तेराएक किलोमीटरचा. त्यावर मोटारसायकली लागल्या, खोमचे लागले, आणि शेवटी रस्ता रुंद करायला तो काढून टाकायचं ठरलं. त्या ट्रॅकवरून सायकल चालवत जाणारा माणूस ऑफिसला पोचल्यावर सायकल कुठे ठेवणार, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता असं मला वाटतं. आमच्या शिवडीतून अटल सेतू सुरू होतो, १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं. जवळपास बावीस किलोमीटर, त्यावर साध्या मोटारसायकललाही मज्जाव. सायकलचं काय घेऊन बसलात.

कागदावर मात्र सगळं छान आहे. केंद्राच्या २००६च्या नागरी वाहतूक धोरणात सायकलसाठी सुरक्षित पार्किंग आहे, आणि सायकलच्या रस्त्याकडेला सावलीची झाडं, पिण्याचं पाणी, विसाव्याच्या जागा असाव्यात असंही म्हटलंय. ते वाचताना मला भातबाजारातला कारंजा आठवला. १८७६ला जे दगडात करून दाखवलं ते एकशे तीस वर्षांनी धोरणात लिहिलं गेलं.

करोनात काय झालं ते आठवा. मार्च २०२०ला लोकल बंद झाल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, सगळ्यांना वेळेच्या बंधनाशिवाय यायला ऑगस्ट २०२१ उजाडला, तेही दोन डोस घेतलेल्यांना. त्या दीड वर्षात आपल्या भागातला वॉचमन, मेडिकलमधला मुलगा, बँकेतला शिपाई, वॉर्डबॉय, कितीतरी जण सायकलवर आले. माळ्यावरच्या सायकली खाली उतरल्या, पंक्चरवाल्याकडे रांग लागली. तेव्हा कुणी त्यांना "इथे लावू नको" म्हणत नव्हतं. गेटच्या आत घेत होते. वॉचमनला तर लोक लिफ्टजवळ लावू देत होते, कारण तो आला नाही तर कचरा कोण उचलणार आणि पार्सल कोण घेणार! गाड्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत पाट्या परत आल्या. 'येथे सायकली लावू नयेत, हवा सोडली जाईल.' बिल्ल्याच्या काळातला दंड अजून तसाच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. आपला भाग पुन्हा एकदा आखला जाणार आहे. अभ्युदय नगरच्या ४९ इमारती, सुमारे ३३ एकर जागा, पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. पलीकडे बंदराच्या जमिनीचा आराखडा आहे, त्यात आपली गोदामंही येतात. एकदा नकाशा पास झाला की पुढची साठ-सत्तर वर्षं त्यात बदल नाही. आत्ता बैठकांमध्ये लोक घराचे चौरस फूट विचारतात, भाडं किती मिळणार विचारतात, प्रत्येकी मोटारीचं पार्किंग मिळणार का विचारतात. ते विचारायलाच हवं, घर आयुष्यात एकदाच मिळतं. पण खाली जी दुकानं होणार आहेत, बँका होणार आहेत, त्यांच्या दारात सायकलचा रकाना आहे का, हे मी अजून एकाही बैठकीत कुणी विचारलेलं ऐकलं नाही. मीही नव्हतं विचारलं. मामांनी हटकलं नसतं तर सुचलंही नसतं. पुढच्या बैठकीला विचारणार आहे. सोबत कुणी आलं तर बरं, एकट्याचा आवाज माइकपर्यंत पोचत नाही.

आणि एक काम तुमच्याकडे. तुमच्या घरी जुना सायकल कराचा बिल्ला असेल, स्टँडची पावती असेल, गिरणीच्या किंवा गोदीच्या सायकल शेडचा फोटो असेल, तर मला पाठवा. आजोबांना, काकांना विचारा की त्यांची सायकल कुठे उभी असायची. गिरणीचं नाव, गेट कुठलं, शेड कुठल्या बाजूला, एवढं लिहिलंत तरी चालेल. नकाशावाल्यांसमोर ठेवायला काहीतरी हातात पाहिजे.

मामांना परवा पुन्हा भेटलो. सायकल आता खांबाला नसते. मागच्या बाजूला एका जुन्या गोदामाच्या भिंतीत बैल बांधायची लोखंडी कडी आहे, तिला साखळी घालून ठेवतात. कडी भक्कम आहे म्हणाले, शंभर वर्षांत हललेली नाही.